चूलबंद आवतन

सकाळी जीवन म्हणाला, "आज चूल पेटवू नको," तेव्हा रत्नमालेला भरूनच आलं. एकवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला पहिल्यांदा तिच्या धावपळीची कणव आली, असं तिला वाटलं. का, ते विचारायचं सुचलंच नाही.

धावपळ होतीच तशी. नागपूरहून चौदा वाचक मंडळी पवनी पाहायला येणार होती, आणि वाचनालयात पुस्तकांची देवघेव सांभाळणारी म्हणून गाव दाखवायचं ते तिनंच. कालचा अख्खा दिवस भंडाऱ्याला जाऊन तिनं एका कागदाच्या प्रती काढून आणल्या होत्या. कागदाच्या एका अंगाला 'काय वाचावे', दुसऱ्या अंगाला 'कुठे जेवावे'. आजची फेरी मंडळींच्या मनात भरली, तर ती दर हिवाळ्यात येणार होती. वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटांना पुन्हा माणसाचा हात लागला असता. तिला तेवढंच हवं होतं.

मंडळी आली, टेकडी चढली, कोट पाहिला. पण वाचलेलं आणि पाहिलेलं जुळेना. 'काय वाचावे'तली एक पुस्तिका स्तूपाचं सांगे, दुसरी राजाचं. तिसरीतल्या नकाशात तर गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच नांदत होतं.

"ताई, यातलं खरं कोणतं धरायचं?" मंडळींना घेऊन आलेल्या अनुपनं विचारलं.

"सगळंच खरं आहे. म्हणजे, आपापल्या जागी," रत्नमाला म्हणाली, आणि स्वतःच गोंधळली. "आधी जेवून घेऊ."

दुपारचा एक वाजला होता. घाटाच्या वाटेवर शकुनबाईची खानावळ. कागदावर तिचंच एकटीचं नाव होतं. दाराला कडी. ओसरीतली चूल पोतेरं फिरवून स्वच्छ, राखेचा कण नाही. आणि शकुनबाई नवं लुगडं नेसून वेणीत फूल खोवत होती.

"अवो शकुनबाई, सैपाक?"

"कोठचा सैपाक? गोमाजीच्या नातीचं बारसं हाय. साऱ्या मोहल्ल्याले चूलबंद आवतन हाय ना! तुह्या घरी काल जीवनभाऊनं नाई का घेतलं?"

रत्नमालेच्या डोक्यात लख्खकन सकाळ उजळली. नवऱ्याची कणव कुठली! आवतन होतं ते, अख्ख्या घराला जेवायचं. अशा दिवशी ज्याच्या घरून धूर निघेल, त्यानं यजमानाच्या ताटाला लाथ मारली असं हा मोहल्ला धरतो.

"मंग माह्या चौदा पाहुण्याईचं काय?"

"चूलबंदात घरचे पाहुणे येतेतच की वो. मले वाटलं, तू तेथंच नेशीन."

पण ही मंडळी घरची पाहुणी होती का? की गावाची? की कोणाचीच नाही? आणि दुसऱ्या कोणाचं दार असतं तर ती गेलीही असती. गोमाजी म्हणजे दंडारीच्या खेळात गाणारा म्हातारा. मागच्या महिन्यात वाचनालयाच्या पायरीवर बसून त्यानं कोटाचं गाणं म्हणून दाखवलं होतं. "माह्यं नाव टाकशीन ना कागदावर?" असं विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, "काकाजी, छापील पाहिजे." आता त्याच्याच मांडवात चौदा भुकेली तोंडं घेऊन कोणत्या तोंडानं जायचं?

ती वळणावर थबकली. मागं मंडळी थबकली. मांडवातून शिजल्या भाताचा वास येत होता, आणि पाय पुढं होत नव्हते.

तेवढ्यात गोमाजीच बाहेर आला. ताटलीत पिवळे तांदूळ. "काहून उभी हाय व बाई? रस्ता इसरली का?"

"काकाजी, हे लोक..."

"दिसून राहिले मले. थांब, बिना आवतनाचं कोनी आत नाई येत." त्यानं अनुपच्या हातावर चार दाणे ठेवले. "नाव काय, बाबू?" एकेकाला नाव विचारून त्यानं चौदा जणांना आवतन दिलं, मग रत्नमालेच्या हातावर दाणे ठेवत म्हणाला, "तुह्यं नाव मले मालूम हाय."

पंगत बसली. भात, लाखोरीचं वरण, पाटवड्यांचा रस्सा. रत्नमाला भातातच बोटं फिरवत राहिली. तिकडं बायकांनी पाळणा हलवला, आणि गोमाजीनं कानावर हात ठेवला.

*कोट बांधला मातीचा, पानी कोनं गं वाहिलं?*
*राजाचं नाव राहिलं, तिचं सांगाचं राहिलं.*

अनुपचा घास हातातच राहिला. "काका, हे आमच्या कागदावर नाही. कुठं छापलंय?"

"छापलं नाई. कायले नाई, ते बाईले इचारा!"

पंगत हसली. रत्नमालेची मान पत्रावळीत गेली.

"चूक माझी," ती हळूच म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिनं हात धुतला, पिशवीतून कागद आणि पेन काढलं. "काकाजी, पहिल्यापासून सांगा."

"आंदी जेव. रस्सा निवून राहिला."

"नाही, आधी सांगा."

गोमाजीनं पाळण्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा सूर लावला. ती भरभर लिहीत गेली. चार ओळी झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, कागद उलटा धरला गेला होता. गाणं 'कुठे जेवावे'च्या खाली, शकुनबाईच्या नावाला लागून उतरत होतं.

खोडावं का? तिनं पेन उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं.

"लिहून राहिली का झोपून राहिली?" गोमाजीनं विचारलं.

"लिहून राहिली, काकाजी. म्हणा पुढचं."