सुमिनोस्केचा श्वास

कौमुदीला कुणी विचारलं, तू करतेस काय, की ती बिनदिक्कत सांगायची, "मी दुसऱ्यांच्या तोंडात बोलते." आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. कोलोनच्या एका डबिंग स्टुडिओत तिने आजवर एका खारीला, दोन चेटकिणींना आणि मागच्या बाकावरच्या कितीतरी शाळकरी मुलींना जर्मन वाचा दिली होती. सव्विसावं सरत आलं होतं. आपला गळा खारीच्या पुढचा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त त्या गळ्याच्या मापाचं माणूस अजून भेटलं नव्हतं.

आता भेटलं होतं. सुमिनोस्के त्याचं नाव.

हा सुमिनोस्के चित्रातला. एका नव्या जपानी ॲनिमे मालिकेत जुन्या काळची नाटकमंडळी आहे, आणि तिच्यात राण्या, नवऱ्यामुली रंगवणारा हा पुरुष नट. सव्वीस भागांची मालिका, आणि सव्वीसही भाग याच्याभोवती फिरणारे. जर्मन सुमिनोस्के कोण बोलणार, यासाठी दोनच नावं उरली होती. एक बर्लिनचा नामवंत नट, दुसरी कौमुदी. ॲनिमेतल्या पुरुषांना बायकांनी आवाज देणं काही नवं नव्हतं, त्यामुळे तिच्या नावाला कुणी भुवई उंचावली नाही. अडलं ते भलतीकडेच.

"सुंदर झालं," पहिल्या चाचणीनंतर झाबिने म्हणाली. झाबिने म्हणजे दिग्दर्शिका. कौतुकाच्या मागून ती नेहमी घण घेऊन यायची. "पण मला बाई ऐकू येते. बाई तर तू आहेसच. मला बाई रंगवणारा पुरुष हवाय. उद्या अकराला परत ये. शेवटची संधी. बारा वाजता मी नाव कळवते."

दुपारी चारला कौमुदी घरी आली, तेव्हा स्वयंपाकघरात आबा तिच्या टॅबलेटवर चाचणीचाच प्रसंग पाहत होते, आवाज बंद करून. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, वासुदेव परब. लेकीकडे तीन महिने राहायला म्हणून कुडाळहून आले होते. बत्तीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्टी म्हणून उभे राहिलेले. तारामती केली, द्रौपदी केली. हातात कधी लिहिलेला कागद नाही, जे बोलायचं ते रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचेल तसं. आता सत्तरी ओलांडली तरी कप उचलताना करंगळी अशी काही वळायची, की समोरच्याने पदर शोधावा.

"ह्यो खयच्या कंपनीतलो?" पडद्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"टोकियो, आबा. चित्र आहे ते."

"चित्र आसा ता माका दिसता गो. पण बसता बघ कसो! गुडघे आधी जमनीक टेकतत, मगे नजर. हेका कोणीतरी शिकवलेलो आसा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुया बोलान दाखव."

कौमुदीला त्यांची मालवणी सगळी कळायची. बोलायला गेली की मात्र आल्झो, गेनाऊ अशा जर्मन शब्दांची खडी मध्ये यायची. तिने राणीचे संवाद जर्मनमध्येच म्हणून दाखवले, आवाज बारीक, रेशमी करून. आबांना एक शब्द कळला नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर चहात खारी बुडवली.

"बारीक आवाज कित्याक काढतंस?"

"राणी आहे ना तो."

"तो राणी नाय. तो राणीक वाट दिता." खारी मोडून चहात पडली, ती त्यांनी चमच्याने काढली. "मी बत्तीस वर्सां बायलमाणूस केलंय. आवाज कधी बारीक करूक नाय. आवाज माझोच. श्वास तेवढो तिचो."

"म्हणजे कसं?"

"लुगडां कमरेत आवळून नेसलां काय पोटात वारो जायत नाय. तो हयसर रवता," त्यांनी बरगड्यांखाली हात ठेवला. "मगे बोलणां आपसूक सावकाश जाता. मान आपसूक वळता. लोक म्हणतत, काय बायल उभी केल्यान! मी काय एक करूक नाय. लुगड्यान केल्यान."

दारातून मीनल, कौमुदीची आई, हसत म्हणाली, "बाबांनु, माझ्या चेडवाक आता नाटकात न्हेतास काय?" लहानपणी शाळेत तिला 'बाईपार्टीची चेडू', बाई रंगवणाऱ्याची पोर, म्हणून चिडवायचे; तिच्या हसण्यात अजून जराशी धार होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, कौमुदीच्या कमरेला आवळायला आबांचा पंचा तिनेच इस्त्री करून आणला.

पंचाच, कारण लुगडं चालणार नव्हतं. मायक्रोफोनपुढे कापड सळसळलं की झालं. स्टुडिओत घड्याळसुद्धा काढून ठेवायचं. आबांचा पंचा शंभर धुण्यांनी मऊ पडलेला, त्याला आवाजच उरला नव्हता. कौमुदीच्या स्वेटरखाली त्यांनी दोन फेरे आवळले आणि गाठ घालता घालता ओठांतल्या ओठांत गुणगुणले. त्यांच्या कंपनीत नेसताना म्हणायची ओवी होती ती:

*गाठ बांधली कमरे, पाय ठेविला पाटावरी,*
*मी राहिलो दारी उभा, आत गेली ती नोवरी।*

"गाठ बसली काय मी तेव्हा सगळ्यांक सांगायचंय, आता माका नावान हाक मारू नकात," आबा म्हणाले. "जा."

अकरा वाजता कौमुदी काचेआड उभी राहिली. पलीकडे झाबिने, तिच्या शेजारी ध्वनिमुद्रक यॉर्ग. पडद्यावर सुमिनोस्के राणीच्या वेषात, वनवासाला निघालेल्या नवऱ्याला निरोप देत होता. कौमुदीने तोंड उघडलं, आणि आपलाच आवाज ऐकून तिला नवल वाटलं. रेशीम नाही, साखर नाही, रोजचाच जाडसर आवाज. फक्त श्वास वर अडलेला. शब्दांना घाई करताच येईना. पोटावरची गाठ एकेक वाक्य तोलून सोडत होती.

मग प्रसंगाचा दुसरा भाग. नाटक संपलंय, सुमिनोस्के पाठमोरा बसून केसांचा टोप उतरवतोय. ओठ दिसत नाहीत, आणि कागदावर नुसतं 'श्वास' लिहिलेलं. काल तिने इथे एक छानसा सुस्कारा दिला होता. आज तिचा हात स्वेटरखाली गेला आणि तिने गाठ सोडली. पंचा पायाशी उतरला. वारा धाडकन पोटात आला, आणि त्याच वाऱ्यावर पुढचं वाक्य निघालं, दाराशी आलेल्या तरुण नटाला उद्देशून: "राणी गेली. मीच आहे. बस."

काचेपलीकडून यॉर्गने मान उंचावून तिच्या पायांकडे पाहिलं.

"काहीतरी पडलं," यॉर्ग पुटपुटला.

"पडू दे," झाबिने म्हणाली. मग ती उठून आत आली, पंचा उचलला, उलटसुलट पाहिला. कौमुदीने खरं ते सांगितलं: आजोबा, बत्तीस वर्षं, बरगड्या, सगळं. झाबिनेने नीट ऐकून घेतलं आणि पंचा घडी करून स्वतःच्या काखेत मारला.

"आता याच्याशिवाय. सव्वीस भाग मी तुला बांधत आणि सोडत बसणार नाही."

यालाच कौमुदी झाबिनेचा घण म्हणायची. क्षणभर कौमुदीची कंबर अगदी उघडी पडल्यासारखी झाली. पण तिला भीती वाटली नाही, राग आला. आणि राग तिला नेहमी मानवायचा. तिने पाय जुळवले. ओवीतलं ते दार डोळ्यापुढे आणलं, चौकट, उंबरा. आपण बाहेर. पोटाने सकाळचे दोन फेरे आठवून स्वतःला आवळून घेतलं, आणि बरगड्यांखाली श्वास येऊन उभा राहिला. राणीने निरोप दिला. टोप उतरला. पोट सुटलं. "राणी गेली. मीच आहे. बस."

झाबिनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. तिने फोन हातात घेतला.

"बर्लिनला मीच कळवते. सोमवारी नऊला पहिला भाग. आणि आवाजाला जप, शनिवारी पार्टीत ओरडू नकोस."

"मी पार्टीत ओरडत नाही, मी गाते," कौमुदी म्हणाली, आणि पंचा मागून घेतला.

ट्रामच्या थांब्यावरून तिने घरी फोन लावला. आबांनी पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे फोन मांडीवरच घेऊन बसले होते.

"मिळालं, आबा! सव्वीसही भाग!"

तिकडे आबांनी आधी मीनलला ओरडून सांगितलं, मग विचारलं:

"आणि तो दुसरो? बर्लिनचो? बरो आसलो काय?"

"खूप चांगला आहे तो. नाव आहे त्याचं."

"मगे बरां झाला," आबा म्हणाले. "आता घराक ये. त्या चित्रातल्या झिलान निरोप दिताना मान कशी वळवल्यान, ता माका परत दाखव. माझी तशी कधी वळाक नाय."