डॉक्टर येण्याचा दिवस

आमच्या शाळेतली सगळी मुलं वर्षातून एकच दिवस धडधाकट असतात. सरकारी डॉक्टर येतात तो दिवस. हेडमास्तर भीमाचार्य आदल्या दिवशी वर्गावर्गांतून फिरतात आणि खोकणाऱ्या, खरूज झालेल्या, हाडं वर आलेल्या मुलांना रजा देऊन टाकतात. शाळेची अब्रू जाऊ नये म्हणून! आनेकलजवळच्या या खेड्यात मी जूनमध्ये शिक्षिका म्हणून बदलून आले. हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गावात मराठी बोलणारं एकच घर, तुंगाचं. बेंगळुरात चिकपेठेतल्या आमच्या घरी दिवसभर माणसांचा राबता; इथं संध्याकाळी भिंतींशी बोलायचं. तुंगा ताक घेऊन यायची, तेवढाच विरंगुळा. नऊ वर्षांची पोर, डाव्या डोळ्यात पांढरट डाग, आणि दिवेलागणीला चौकट चाचपत आत यायची. म्हणून मी दारात कंदील ठेवू लागले.

तिलाही रजा मिळाली. मी तिला सकाळीच माझ्या खोलीत आणून बसवलं आणि डॉक्टर जीपकडे निघाले तशी त्यांची वाट अडवली. "एक मूल राहिलंय," मी म्हटलं. भीमाचार्य माझ्याकडे बघतच राहिले.

डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर केल्या.

"डावा डोळा गेला. उजवा वाचेल, आजच इस्पितळात नेलं तर. साधं माशाचं तेल पुरलं असतं हो! तुमची मुलं निरोगी दिसतात, म्हणून ते पलीकडच्या गावांना जातं."

"आणि सरकारनं वर्षातून एकदा जीप पाठवली की झालं?" मी चिडून विचारलं.

"तालुक्याला मी एकटाच आहे, बाई," ते म्हणाले. मग तुंगाकडे वळले. "गेल्या वर्षी मी आलो होतो. तेव्हा तू कुठं होतीस?"

तुंगा हसली. "घरी. मास्तर दर वर्षी आम्हाला रजा देतात. मास्तर फार चांगले आहेत."

भीमाचार्यांनी मान खाली घातली. मला त्यांची कीव आली नाही.

जीप तुंगाला आणि तिच्या आईला घेऊन बेंगळूरला गेली. संध्याकाळी खोली खायला उठली. मी सवयीनं कंदील दारात नेऊन ठेवला, आणि ती येणार नाही हे ठाऊक असूनही तो विझवायला हात होईना.