खमिराला ऊन लागलं तेव्हा

कोणी विश्वास ठेवणार नाही, तरी सांगतो. मेच्या भर दुपारी, हिंगणघाट–वर्धा रस्त्यावर, लाखो जीव मी एकट्यानं वाचवले.

अंगणात शेजारचा पियुष गालात हसला. माझी मेहुणी भागीरथा सुपारी कातरत होती.

जीव म्हणजे खमीर, यीस्ट म्हणतात ते. माझ्या पुतणीनं, सुरभीनं, कॉलेजात वर्षभर जोपासलेलं. तसं दुसरं कुठंच नव्हतं. वर्ध्याच्या प्रयोगशाळेत ते जिवंत पोचलं तरच तिचं संशोधन पुढं सरकणार. तिची परीक्षा होती, म्हणून नळी बर्फाच्या डब्यात घालून मी निघालो. सोबतीला चिटपाखरू नाही.

अर्ध्या वाटेत बस बंद पडली. पत्रा असा तापला, की ड्रायव्हरनं टपावर पोळ्या शेकल्या. बर्फाचं पाणी झालं, मग पाणीही कोमट. मी सुरभीला फोन लावला.

"काका, एकदम चटका बसू देऊ नोका," तिचा आवाज कापत होता. "पेशीतले प्रथिनं घडी घातलेल्या धाग्यासारखे असतात. लई तापलं का घडी उसकटते, गुंता होते, पेशी मरते. पण अगोदर थोडी ऊब भेटली तर पेशी राखणदार प्रथिनं बनवते. ते घड्या सांभाळतात. मंग मोठा तापही झेलते."

"म्हणजे कूलरातून उठून सरळ उन्हात जायचं नाई, आधी ओसरीत बसायचं?"

"तसंच. पण बसमधी ओसरी कुठून आणसान?"

आणली. आधी नळी सीटखाली सावलीत. मग दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर. दुसरी बस येईना. ऊन खिडकीतून गुडघ्यापर्यंत सरकलं. नळी गालाला लावली तर गरम. जगलं की मेलं, कळेना. शेवटी कानाला लावली, तर आत राखणदारांच्या हाका चाललेल्या.

"काय म्हणत होते?" पियुषनं विचारलं.

"एक म्हणे, 'टोक धर'. दुसरा म्हणे, 'धरलं, तू गाठ सोड'."

शेवटी दुसरी बस आली, वर्ध्याला पोचलो. प्रयोगशाळेतल्या बाईंनी थेंबात निळा रंग घातला. मेलेली पेशी निळी पडते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो काही केल्या काढेनात. मग म्हणाल्या, "निळी एखाददुसरीच. बाकी जिवंत आहेत."

भागीरथानं अडकित्ता खाली ठेवला.

"भाऊजी, जगले हे खरं. पण बस थांबल्याबरोबर डबा माह्या मांडीवर देऊन तुमी ट्रकात बसून निघून गेलते. फोन मी लावलता, मांडी माही भाजली. काऊन खोटं बोलून राह्यले?"