रेघेपर्यंत भरलेली ट्यूब

निळ्या झाकणाची ट्यूब रेघेपर्यंत भरलेली नसली की मी ती सरळ डब्यात टाकते. लॅबमध्ये माझ्यामागे मला ‘रेघबाई’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. त्या ट्यूबच्या तळाशी रक्त गोठू न देणारं औषध आधीच मोजून घातलेलं असतं. रक्त कमी पडलं की औषध जास्त होतं, मशीनवर रक्त उशिरा गोठतं आणि आहे त्यापेक्षा पातळ वाटतं. एवढं साधं गणित लोकांच्या डोक्यात शिरत नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरतं. रक्त घेणारी सिस्टर माझ्याहून वयाने मोठी, तरी गेल्या महिन्यात मी तिला पेशंटसमोर धारेवर धरलं होतं.

मंगळवारी माझ्या थोरल्या बहिणीचा रिपोर्ट आला. ताईच्या हृदयात धातूची झडप आहे. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून ताई रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा तीनच्या आसपास हवा, आला पाच, म्हणजे फारच पातळ. ट्यूब रेघेला टेकलेली मी स्वतः पाहिली होती, म्हणून बिनघोर सही ठोकली. डॉक्टरांनी गोळी शुक्रवारपर्यंत बंद केली.

गुरुवारी दुपारी मी हातमोजे आणायला रक्त घेण्याच्या खोलीत गेले. सिस्टर एका निळ्या ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतत होती.

“हे काय चाललंय?”

“दोन अर्ध्या होत्या, मॅडम. मिळून एक पूर्ण केली. तुम्हाला रेघ लागते ना?”

रक्त दोन अर्ध्यांचं, पण औषध दोन पूर्ण ट्यूबचं!

“मंगळवारी ताईचीही अशीच भरली?”

ती झाकण लावत राहिली. “त्यांची शीर सापडत नव्हती.”

म्हणजे ताईचं रक्त मुळात ठीक होतं आणि माझ्या सहीने तिची गोळी बंद झाली होती. मी चार वेळा फोन लावला. उचलेना. सुयांची पिशवी घेऊन धावत सुटले. सिग्नल काही सुटेना, तिच्या इमारतीची लिफ्ट खाली येईना. शेवटी तीन जिने चढले. बेल वाजवली, परत वाजवली.

ताईने दार उघडलं. हातात ओलं फडकं.

“फोन चार्जिंगला होता गं. एवढी घामाघूम का?”

“दोन्ही हात वर कर. आता हस.”

“फोटो काढतेस की काय?” ती हसली. तोंड वाकडं झालं नाही, हात खाली आला नाही, म्हणजे गुठळी मेंदूत गेली नव्हती. मी भिंतीला टेकून श्वास घेतला.

मग तिची शीर शोधली. पहिली ट्यूब अर्ध्यावरच थांबली. रेघबाईच्या हातची! क्षणभर वाटलं, एवढी चालेल. मग ती पिशवीत कोंबली आणि दुसऱ्या हातावर टोचलं. ताई ओठ दाबून बसली. ही भरली.

लॅबमध्ये नेऊन मशीनवर लावली. आकडा आला दीड, म्हणजे रक्त हवं त्याहून घट्ट. डॉक्टर म्हणाले, “ताईंना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात घेऊन या.”

संध्याकाळी तपासणीत झडप स्वच्छ निघाली. नर्सने ताईच्या पोटावर गुठळी रोखणारं इंजेक्शन दिलं, आणि मी कॉटशेजारी बसून ढसाढसा रडले. रडून झाल्यावर राग आला.

“त्या सिस्टरला मी उद्या घरी बसवते बघ.”

“तिला एक शब्द बोलायचा नाही,” ताई म्हणाली. “ती बिचारी उद्या परत या म्हणत होती. मीच म्हटलं, अर्धी ट्यूब नेलीस तर माझी धाकटी तुला फाडून खाईल. काहीतरी कर, पण रेघेपर्यंत भर.”

“अगं, पण मला का नाही सांगितलंस?”

ताईने चादर नीट केली.

“मलाही तुझी भीती वाटते गं.”