कॅलेंडरमागचे तेरा दिवस

मी बोलतोय तो एक्स-रे विभागातला एक बॅज. आगपेटीएवढा, निळ्या प्लॅस्टिकचा, पाठीला चिमटा. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात उज्वला गांगुर्डे नावाची टेक्निशियन आहे, तिच्या ॲप्रनला मी सहा वर्षं लागतो आहे.

माझ्या पोटात एक पातळ पत्री असते, तिच्यात तीन चकत्या. अंगावर पडलेले किरण त्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी जुनी पत्री मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते आणि नवी बसते. तिथे तिला तापवलं की चकत्या मंद उजळतात. जेवढा उजेड जास्त, तेवढे किरण जास्त. मी नुसता खोका. मला किरण दिसत नाहीत, भाजत नाहीत. मी कुठे होतो, एवढंच मला ठाऊक असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये उज्वलाला दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला इगतपुरीहून सासूबाईंचा, यशोदाबाईंचा, रोज फोन यायचा. त्यांचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू यायचं. “तीन महिने होईस्तोवर कुणापाशी बोलायचं नाय. लय जपायचं बघ.”

आमच्या विभागाचा नियम उलटा होता. बाईला दिवस गेल्याचं कळलं की लगेच सांगायचं, म्हणजे तिला मशीनपासून दूर काम देतात. उज्वला हा नियम नव्या मुलींना शिकवायची. स्वतः मात्र गप्प राहिली. मी तिच्या छातीशी होतो, तिची धडधड मला कळत होती.

अठरा जूनला सकाळी तिला मळमळलं आणि ती बेसिनकडे धावली. ॲप्रन दाराच्या कडीला अडकला, माझा चिमटा सुटला आणि मी फरशीवर पडलो. ती निघून गेली. थोड्या वेळाने कुसाबाई फरशी पुसायला आल्या. “मॅडमचा हाय वाटतं,” म्हणत त्यांनी मला उचललं आणि केरात जाऊ नये म्हणून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हललं आणि मी त्याच्या कागदाआड गेलो. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. कुसाबाई बादली घेऊन पळाल्या, आणि सांगायचं राहून गेलं.

तो खिळा छातीचे फोटो काढायच्या स्टँडच्या अगदी शेजारी होता.

त्या दिवसांत पिंपळगावच्या एका शेतमाल पॅक करणाऱ्या पॅकहाउसमधल्या कामगारांची तपासणी चालू होती. दिवसाला साठ-सत्तर माणसं. “श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.” प्रत्येक फोटोआधी मशीनचा उजेड पडे आणि तो स्टँडच्या कडेबाहेर सांडून कॅलेंडरपर्यंत येई. जिथे उजेड तिथे किरण, हे मला ऐकून माहीत होतं. कागद उजेड अडवतो, किरण नाही. दर वेळी बटणाचा टिक् आवाज आला की मी आक्रसायचो.

समोर, चार हातांवर, उज्वला मला शोधत होती. ड्रॉवर, पर्स, टेबलाखाली, सगळीकडे. बॅज हरवला तर त्याच दिवशी लिहून द्यायचं असतं. लिहून दिलं की विचारपूस होणार, फॉर्म भरायचा, आणि फॉर्मवर ‘गरोदर आहात का?’ हा प्रश्न. तिने लिहून दिलं नाही. तेरा दिवस ती माझ्याविना राबली. दोनदा तर उभं न राहू शकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना धरायला शिशाचा ॲप्रन घालून ती आत उभी राहिली.

एक जुलैला तिने कॅलेंडरचं पान उलटलं. “अगं बाई, इथे आहे!” तिचे डोळे भरून आले. पत्री काढून तिने बाकीच्यांबरोबर पाकिटात घातली. मी कुठे सापडलो ते कुणाला सांगितलं नाही. तीन महिने पुरे झाल्यावर तिने गोड बातमी सांगितली, तिला रिपोर्टच्या खिडकीवर बसवलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले.

ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेचं पत्र आलं. रुग्णालयात किरणांच्या सुरक्षेचं काम बघणारे कादर सर ते घेऊन आमच्या खोलीत आले आणि त्यांनी उज्वलाला बोलावून घेतलं.

“बस आधी,” ते म्हणाले. “तुझ्या बॅजवर वर्षभरात जेवढं चालतं त्याच्या सातपट आलंय.”

तिचा हात पोटावर गेला. “बाळाला काय होईल, सर?”

मग तिने रडत रडत सगळं सांगितलं. “तो माझ्या अंगावर नव्हताच. कॅलेंडरमागे होता.”

“कुणी लावला तिथे?”

“नाही माहीत.”

“मी विश्वास ठेवीन गं. वरचे लोक म्हणतील, चूक लपवायला बाई गोष्ट रचतेय. आणि दुसरं असं...” कादर सर अडखळले. “बॅज तुझ्या अंगावर नव्हता, तर त्या तेरा दिवसांत तुझ्या अंगावर काय पडलं, हे कोण सांगणार?”

हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

दाराशी कुसाबाईंचा फरशी पुसणारा हात थांबला होता. त्या कंत्राटावरच्या. महिन्यापूर्वीच एका बाईला काचेचं सामान फोडलं म्हणून घरी पाठवलं होतं. कुसाबाई बादली उचलून निघून गेल्या. दोन दिवस त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

तिसऱ्या दिवशी त्या कादर सरांपुढे उभ्या राहिल्या. “मी लावला तो, सर. खिळ्याला. मला काय ठाव, त्यात काय असतंय. काढायचं तर काढा कामावरून. पण त्या पोरीचं रडणं नाय बघवत.”

कादर सरांनी त्यांना बसवून पाणी दिलं. मग माझ्या पोटात नवी पत्री घातली आणि मला पुन्हा त्याच खिळ्याला, कॅलेंडरमागे लावलं. दुसरा बॅज उज्वला जिथून बटण दाबते त्या शिशाच्या काचेमागे. तिसरा शिशाच्या ॲप्रनखाली, ती बाबांना धरून जिथे उभी होती तिथे. बाबांच्या जागी पाण्याचा कॅन. मशीन होतं तसंच ठेवून त्यांनी तेवढेच फोटो काढले. तेव्हा काचेच्या या बाजूला माणूस कुणी नव्हतं. मी होतो. पुन्हा तो टिक् आवाज, शेकडो वेळा.

तिन्ही पत्र्या मुंबईला गेल्या. उज्वलाचं रक्तही गेलं. तिथे रक्तातल्या पेशी वाढवतात आणि एकेका पेशीतली गुणसूत्रं तुटून भलतीकडे जुळली आहेत का, ते बघतात. त्याला वेळ लागतो.

महिना गेला. रोज दुपारी उज्वला आमच्या दारात यायची. “आलं का काही?” कादर सर मान हलवायचे. सप्टेंबरातल्या एका दुपारी ती आली ती भिंत धरूनच.

“कुसाबाई, सकाळपासून हललं नाही हो.”

कुसाबाईंनी तिला डाव्या कुशीवर बाकावर निजवलं, गुळाचं पाणी पाजलं आणि पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. उज्वला छताकडे बघत होती, ओठ नुसते हलत होते. कादर सरांनी डॉक्टरांना फोन लावला.

“हललं!” कुसाबाई एकदम म्हणाल्या. “ह्ये बघ, लाथ मारली.”

उज्वला तेव्हा जी हुंदके देऊन रडली, तशी ती पत्र आलं त्या दिवशीही रडली नव्हती.

पुढच्या आठवड्यात निकाल आले. खिळ्यावरचा आकडा पहिल्यासारखाच मोठा. काचेमागे जवळजवळ काही नाही. ॲप्रनखाली अगदी थोडं. तपासलेल्या हजार पेशींत एकही तसं गुणसूत्र सापडलं नव्हतं.

“आता भ्यायचं नाही ना, सर?”

“प्रयोगशाळेला जे दिसलं ते तिने सांगितलं,” कादर सर म्हणाले. “उरलेली भीती मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, उज्वला.”

मशीनचा सांडणारा उजेड स्टँडपुरता आवळला गेला. उज्वलाला लेखी ताकीद मिळाली, ती तिने खाली मान घालून घेतली. कुसाबाईंचं काम राहिलं. जानेवारीत उज्वलाला मुलगी झाली.

आता ती कामावर परत आली आहे. माझा चिमटा सैल झालाय, निळा रंग उडालाय. लवकरच मला बदलतील. जाण्याआधी मला लावणाऱ्या सगळ्यांना एवढंच सांगायचंय. मी हरवलो तर त्याच दिवशी सांगा, भीती वाटली तरी सांगा. मी अंगावर नसलो की तुमच्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही.

मुलगी दीड वर्षाची आहे, घरभर पळते म्हणे. पण तिला जरा ताप आला, की उज्वला कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात फोन लावते. “सर, हे त्याचं तर नाही ना?”

कादर सर एकदाही वैतागले नाहीत. “थांब,” म्हणतात, कपाटातून निकालांचा तो जुना कागद काढतात आणि सगळे आकडे तिला पहिल्यापासून वाचून दाखवतात.