हसऱ्याच्या दाढा

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन माझ्याकडे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणावर दात मांडते, घासूनपुसून परत पाठवते. बत्तीस वर्षं परक्या लोकांच्या हिरड्या हाताळतेय, म्हणून लोकांना वाटतं हिला कशाची किळस येत नसेल. येते हो! माणसांची येते.

थिएटरच्या मालकाची तर पहिल्यापासून यायची. शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी, बाहीला नाक पुसायची सवय, आणि तोंडात कुठल्या तरी भलत्याने बनवलेली ढिली कवळी. बोलताना ती टकटक वाजायची. असला माणूस नऊशे खुर्च्यांच्या त्या देखण्या थिएटरचा मालक! आजोबांनी बांधलं, बापाने चालवलं, याने बंद पाडलं. बारा वर्षांत आत कबुतरांनी घाण केली, खुर्च्यांखाली उंदरांनी पिल्लं घातली, आणि हा खाली तिकीटखिडकीमागे बसून पेपर वाचायचा.

आम्ही थिएटरला महाल म्हणायचो. माझ्या वडिलांनीच मला तो शब्द शिकवला. तिथे बाल्कनीच्या दोन्ही भिंतींवर बारा-बारा असे प्लास्टरचे चोवीस चेहरे होते. रडके, रागावलेले, झोपाळू, एक तर चक्क जांभई देणारा. प्रत्येकाच्या खाली पितळी नंबर आणि वर एक छोटा दिवा. सिनेमा सुरू होण्याआधी ऑपरेटर ते दिवे एक नंबरपासून एकेक करून विझवत जायचा. सगळ्यात शेवटी उरायचा चोवीस नंबर, हसरा. अख्ख्या अंधारात तो एकटा हसत असायचा. वडील माझा हात दाबून म्हणायचे, "हा विझला की सुरू." माझं थिएटरवरचं प्रेम म्हणजे तो एक क्षण आहे. तो परत मिळावा म्हणून मी काहीही केलं असतं, आणि केलंही.

महाल पाडून तिथे दुकानं उठवायचं मालकाच्या मनात होतं. म्हणून आम्ही चौघांनी समिती काढली. सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, फोटोवाला, ज्याचा स्टुडिओ महालासमोर आहे, डॉक्टरीणबाई, ज्यांच्या दवाखान्याचं कवळ्यांचं काम माझ्याकडे येतं, आणि मी. सरकारी खात्यात अर्ज केला की ही वास्तू जतन करा. अर्ज मंजूर झाला तर पाडता येत नाही. आणि मालकाने मूळ वस्तूंची नासधूस केलेली दिसली, तर देखभाल थेट समितीकडे येते.

म्हणूनच सरांनी खात्याला ते पत्र पाठवलं होतं. चोवीसपैकी आठ चेहरे भिंतीवरून गायब आहेत, मालक एकेक काढून विकतो आहे, असं. खाली आम्हा चौघांच्या सह्या. सही करताना माझा हात जरा अडखळला होता. का, ते सांगतेच.

रविवारी सरांच्या घरी बैठक होती. शुक्रवारी पाहणीला अधिकारी येणार होत्या. सरांनी नियम मोठ्याने वाचून दाखवले, शाळेत सूचना वाचतात तसे. "चोवीसपैकी वीस तरी मूळ चेहरे जागेवर हवेत. आणि अर्जदारानेच वस्तूंना हात लावला असेल, तर अर्ज बाद." मग म्हणाले, "सोळा आहेत. चार कमी पडतात. त्या नालायकाने घात केला!"

चहा सांडला म्हणून हात धुवायला मी आत गेले. सरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पलंगाच्या वर भिंतीला पाच नंबरचा रडका लावलेला. त्याच्या नाकावर सरांचं बनियन वाळत घातलेलं. शेजारी नऊ आणि दहा.

मी ते ओलं बनियन दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर आणलं आणि नियमांच्या कागदावर टाकलं. "सर, हे काय?"

सरांचा चेहरा पडला, पण जीभ काही पडली नाही. "अगं, ते मी वाचवले! छत गळत होतं, प्लास्टर सुटत चाललं होतं. खाली पडून चुरा झाला असता त्यांचा."

"आणि पत्रात मालकाचं नाव?"

"एकदम आठ गेले म्हटल्यावर त्यानेही काही नेलेच असणार ना. मी तिघांचाच धनी आहे."

तेवढ्यात फोटोवाल्याने घसा खाकरला. "दोन माझ्याकडे आहेत. फिल्म धुवायच्या खोलीत. वाचवलेच म्हणा ना." डॉक्टरीणबाई साडीची किनार चाळवत बसल्या होत्या. "दोन माझ्या दवाखान्यात आहेत. तू आतल्या खोलीत कधी आली नाहीस म्हणून. सोफ्याला शोभावेत म्हणून जरासा गुलाबी रंग दिलाय."

गुलाबी! बरं, ओरडायची तरी सोय होती का? तीन, दोन आणि दोन, सात झाले. आठवा कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या पावसात तो सुटून लोंबत होता, मी हलकेच काढला आणि पिशवीत घालून घरी आणला. माझ्या कामाच्या टेबलावर, डोळ्यांसमोर. मला वाटत होतं, असं करणारी मी एकटीच. बाकीचे सात मालकाने विकले असंच मी धरून चालले होते, म्हणून तर शेवटी सही केली. "हसरा माझ्याकडे आहे," मी म्हटलं. कुणालाच नवल वाटलं नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

सर लगेच सावरले. "मग प्रश्नच मिटला! तुझा हात प्लास्टरचा. शुक्रवारच्या आत आठही परत बसव. तुझं काम म्हटल्यावर सांधा कुठे दिसायचाय?"

"आणि मालक?"

"त्याला जिना चढवत नाही. त्याला काय कळतंय!"

मी हो म्हटलं. महालासाठी म्हटलं, हे मी स्वतःला जिन्यावरून उतरताना तीनदा सांगितलं.

घरी आमच्या वन्सं डाळ निवडत होत्या. हे गेल्यापासून आम्ही दोघीच असतो, आणि वन्संना माझ्या महालाच्या वेडाचा पहिल्यापासून वीट आहे. मी हसऱ्याला टेबलावरून उचललं, तसं त्यांनी विचारलं, "काय गं, सोडचिठ्ठी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी एक खडा वेचून ताटाबाहेर टाकला. "म्हणजे आधी चोरलंत, मग दुसऱ्यावर आळ घेतलात, आता पुरावा पुसणार. छान आहे तुमची समिती."

"चोरलं नाही वन्सं. सांभाळलं."

"हो, माझी चांदीची वाटी मोलकरणीने सांभाळायला नेली होती, तशीच." एवढं म्हणून त्या पुन्हा डाळीत बघायला लागल्या.

सोमवार ते गुरुवार रोज दुपारी मी महालात गेले. मालकाने किल्ली दिली, काही विचारलंही नाही. "झाडा, पुसा, काय हवं ते करा. मी काही वर येत नाही, गुडघे गेलेत." किल्ली तंबाखूने चिकट झालेली. मी ती रुमालात धरली. मी जिना चढायला लागले तेव्हा तो मागून म्हणाला, "ते चेहरे कोण नेतं बघा हो जरा. माझ्यावर आळ घेतलाय कुणी तरी. आजोबांनी हौसेने करून घेतले होते." टकटक टकटक वाजत होती कवळी. मला वर जाऊन खिडकीतून थुंकावंसं वाटलं, आणि कुणाच्या नावाने थुंकायचं तेच कळेना.

गुलाबी रंग खरवडायला अख्खा एक दिवस गेला. डॉक्टरीणबाईंनी तेलाचा रंग लावला होता, नाकपुड्यांच्या आतपर्यंत. सरांच्या रडक्याला साबणाचा वास येत होता. पण काम चोख झालं, ते मी नाकारणार नाही. जुन्या प्लास्टरच्या रंगाला रंग जुळवला, सांध्यात धूळ भरली, वर कोळ्याची जाळी ओढली. हो, जाळीसुद्धा! इतक्या खालच्या थराला मी गेले. गुरुवारी संध्याकाळी चोवीसच्या चोवीस चेहरे भिंतींवर होते आणि हसरा आपल्या जागी हसत होता. मला रडू आलं. लाज वाटली तरी आलं.

शुक्रवारी सकाळी अधिकारीणबाई आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, हातात बॅटरी, बोलणं बेताचं. सर त्यांच्या पुढे-पुढे, "इकडून या मॅडम, पाय सांभाळून मॅडम." त्यांनी मालकालाही वर बोलावलं. तो कठड्याला धरून, दर पायरीला थांबत आला. वर पोचला तेव्हा घामाने भिजला होता.

"तुमच्या पत्रात तर आठ गायब आहेत," बाई म्हणाल्या. "इथे चोवीस दिसतायत."

मी सरांकडे बघितलं. सरांनी डोळ्यांची पापणीही न लववता सांगितलं, "आमच्या पत्राने घाबरून त्याने परत आणून लावले असणार, मॅडम."

मालकाने भिंतीकडे पाहिलं. "आले होय परत?" एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो मला सहन होईना.

बाई एक नंबरपासून निघाल्या. बॅटरी तिरकी धरून एकेक चेहरा बघायच्या, नखाने हलकेच वाजवायच्या, वहीत लिहायच्या. पाच, नऊ, दहा पार पडले. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही पार पडले. फोटोवाल्याने सुस्कारा सोडला. चोवीसला त्या थांबल्या आणि खूप वेळ थांबल्या.

"हा नवीन आहे का?"

"छे, मूळचा!" मी पटकन म्हणाले.

"मग याला दाढा कशा?" त्यांनी उजेड थेट हसऱ्याच्या तोंडात सोडला. "इतर रडणाऱ्या, जांभई देणाऱ्या सगळ्यांच्या तोंडात दातांच्या जागी नुसती एक सपाट पट्टी आहे. याला सुळे आहेत, दाढा आहेत, दाढांवर चावायचे खळगेसुद्धा आहेत. बाल्कनीतल्या प्लास्टरच्या चेहऱ्याला इतके खरे दात कोण कशाला करेल?"

मी केले होते. सात वर्षांपूर्वी, काम कमी असलेल्या दिवसांत. हसऱ्याची पट्टी टवका उडून तुटली होती, ते रोज बघवेना. मग मी ती खरवडून काढली आणि त्याला वरची पूर्ण कवळी करून बसवली, चौदा दातांची. पट्टी लावून भागलं असतं, पण माझा हात पट्टीवर थांबेना. इतकी माया केली त्याच्यावर की त्याचा तो राहिलाच नाही. आणि तीन दिवस त्याला भिंतीत बसवताना ते दात माझ्या लक्षातही आले नाहीत. मला दात असेच दिसतात.

"मालकाने मूळचा विकला आणि ही नक्कल लावली, मॅडम," सर म्हणाले. "आता तरी खात्री पटली ना?"

बाई मालकाकडे वळल्या. "तसं असेल तर या वास्तूवरचा तुमचा ताबा जाईल. समितीकडे येईल. तुम्हाला काही सांगायचंय?"

म्हणजे गप्प बसलं की महाल आमचा. हिशोब इतका सोपा होता. तेवीस मूळचे, वीसच हवे होते. दिवे परत लागले असते, एकेक करून विझले असते. मालकाने तोंड उघडलं, कवळी टक्कन वाजली. तो भिंतीला टेकून नुसता धापा टाकत होता. सर माझ्याकडे बघून हसले. हसले! पाठ थोपटल्यासारखं. बनियन चिमटीत धरलं होतं तेव्हाही इतकी शिसारी आली नव्हती.

"दात मी केलेत," मी म्हटलं. "चेहरा मूळचाच आहे. मी नेला होता. इतर सातही समितीनेच नेले होते. आठही मी या आठवड्यात परत बसवले. या माणसाने काही केलेलं नाही."

"गप्प बस!" सर दात आवळून म्हणाले. "महाल जाईल!"

"आठही?" बाईंनी विचारलं.

"आठही." कुठले आठ, तेही मी नंबरासकट सांगितलं.

बाईंनी वही मिटली. अर्ज तिथेच बाद झाला. फोटोवाला आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले. मी मालकाला हाताला धरून खाली आणलं. मला वाटलं, आता हा दोन शब्द बोलेल, डोळे तरी पुसेल. खिडकीमागच्या खुर्चीत बसल्यावर त्याने पुडी काढली, चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाला, "चला, सुटलो. आता दुकानांचं बोलणं पक्कं करता येईल."

असल्या माणसासाठी मी महाल घालवला. त्या रात्री वन्संनी पहिल्यांदाच माझं ताट वाढून ठेवलं.

दोन महिने समितीतल्या कुणी मला तोंड दाखवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी काम पाठवणं बंद केलं. सर गावभर मला घरभेदी म्हणत फिरले. आणि काल दुपारी त्यांचाच फोन, आवाजात साखर घोळलेली.

"अगं, सोमवारपासून पाडायला घेणार आहेत. मालक म्हणाला, चेहरे हवे तर घेऊन जा. चोवीस आहेत, चौघांत सहा-सहा. उद्या ये ना सुऱ्या घेऊन. तुझ्याइतकं सफाईने कुणाला काढता येणार नाही. हसरा अर्थात तुलाच. आता तरी वाचवू या बाई!"

मला किळस आली. सरांची आली, काम पाठवणं बंद करणाऱ्या त्या गुलाबी बाईची आली, तंबाखू चघळत वाटप करणाऱ्या मालकाची आली. चांगलं झणझणीत बोलून फोन आपटावा म्हणून मी तोंडही उघडलं होतं. पण वन्सं दारात उभ्या होत्या आणि माझ्या हाताकडे बघत होत्या. सरांचं बोलणं संपायच्या आधीच मी टेबलाचा खण उघडून प्लास्टरची सुरी बाहेर काढली होती, आणि अंगठ्याने तिची धार बघत होते.