हिरवा ठिपका

“शेवटाला कोन उभा हाय? मंग बोल ना रे! पंपावरच्याला काय दिसतं?”

आजोबांचा हा आवाज धवलच्या कानातून पंचवीस वर्षांत गेला नव्हता. सांडोर गावातल्या वाडीत केळींना पाणी सुटलं, की ते त्याला पाटाच्या शेवटच्या आळ्याशी उभं करत. आळं भरलं की त्यानं ‘भरलंऽऽ’ ओरडायचं. मग विहिरीवरचा पंप बंद. एकदा तो खंड्या पक्ष्याची निळाई बघत राहिला आणि अर्ध्या वाडीचं तळं झालं.

आता धवल अतिवेगवान रेल्वे बांधणाऱ्या खासगी कंपनीत लोकसंवाद अधिकारी होता. संवाद म्हणजे त्यानं वडे वाटायचे. बोलायचं ते त्याच्या वरिष्ठ हेमांगी मॅडमनी.

आज गावच्या हॉलमध्ये पडद्यावर नकाशा उमटला. मुंबईपासून सुरतेपर्यंत लाल रेघ, आणि नेमका धवलच्या वडिलांच्या, दयारामच्या विहिरीवर हिरवा ठिपका.

“आपलं स्टेशन!” कुणीतरी ओरडलं.

हेमांगी मॅडम नुसत्या हसल्या. होही नाही, नाहीही नाही. त्या हसण्याचं कंपनीत प्रशिक्षण असे.

झालं! स्टेशनला गावाचं नाव द्यायचं की चर्चच्या संताचं, यावर पाऊण तास गेला. शेवटी शेजारच्या बर्नार्डनं तह केला, “नाव तुमचं घ्या, कँटीन आमचं.”

धवलची आई नर्मदा उठली. “फलाटाच्या पत्र्यावर केळी सोलून सुकेळी वाळत घालू द्याल ना, बाई?”

“महिला सक्षमीकरण! लिहून घेते,” मॅडम म्हणाल्या.

“अगो वहिनी, उन्हाची गरजच नाय,” बर्नार्ड म्हणाला. “गाडीच्या वाऱ्यानं सुकतील. फक्त गोळा करायला डहाणूला जावं लागंल!”

हॉल हसला. दयाराम हसला नाही. त्याच्यासमोर विहिरीसकट अकरा गुंठे कंपनीला देण्याचं संमतीपत्र होतं. पूर्वी ही त्याची लेक सुरतेला दिलेली, ती दोन वर्षं माहेरी आली नव्हती. सकाळीच त्यानं विहिरीच्या काठाला हळदकुंकू लावून तिला सांगितलं होतं, “लेक येनार हाय, बाय. तू जरा सरक.”

“पूर्वी तिथं चहा पिऊन निघंल,” तो धवलला म्हणाला, “नि न्याहारीला आपल्याकडं. खरं ना रे?”

मॅडमनी धवलकडे पाहिलं. सोमवारी त्याला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. धवलनं मान खाली घातली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

दयारामनं पेन कागदावर टेकवलं. ‘द’ काढला.

धवलच्या डोळ्यांपुढे आळं काठोकाठ भरत आलं होतं. त्यानं बापाचं मनगट धरलं.

“थांबा, बाबा. ते स्टेशन नाहीच. तिथे नुसते विजेचे ट्रान्सफॉर्मर बसणार आहेत. गाडी मुंबईहून सुटली की थेट सुरत. आपल्याकडे ती थांबतच नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”